मारिस्ट फादर की मारिस्ट ब्रदर?

पॅसिफिक बेटांतल्या कॅथलिक शाळांबद्दल वाचताना ‘मारिस्ट’ हा शब्द सतत भेटतो. हे नाव दोन संस्थांचं आहे, आणि ‘फादर’ व ‘ब्रदर’ हा त्यांच्यातला वरच्या-खालच्या पायरीचा फरक नव्हे.

मारिस्ट फादर म्हणजे दीक्षित धर्मगुरू. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं हे त्यांचं काम. जाँ-क्लोद कोलँ यांच्या या संघाला २९ एप्रिल १८३६ रोजी रोमची मान्यता मिळाली, आणि पश्चिम ओशिआनियाचं, म्हणजे पॅसिफिकच्या पश्चिमेकडच्या बेटांचं मिशन त्यांच्याकडे आलं.

मारिस्ट ब्रदर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात. पण त्यांना गुरुदीक्षा नसते, त्यामुळे ते मिस्सा अर्पण करू शकत नाहीत. ते मुळात शिक्षक. मार्सेलँ शाम्पान्या यांनी २ जानेवारी १८१७ रोजी फ्रान्समधल्या ला व्हाला गावी ही संस्था सुरू केली. गंमत अशी की शाम्पान्या स्वतः फादर होते! गोंधळाचं मूळ बरंचसं इथंच आहे. ब्रदरांना रोमची स्वतंत्र मान्यता मिळायला १८६३ उजाडलं.

वसईकडच्या वाचकाला आणखी एक अडचण येते. आपल्याकडे सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) शिकणाऱ्या, पुढे फादर होणाऱ्या तरुणालाही ‘ब्रदर’च म्हणतात. मारिस्ट ब्रदर मात्र आयुष्यभर ब्रदरच राहतात. किमान १२ महिन्यांचं नॉव्हिशिएट (व्रतं घेण्याआधीचा उमेदवारीचा काळ), मग काही वर्षांची तात्पुरती व्रतं, नंतर कायमची.

१८३६च्या अखेरीस या मिशनचे प्रमुख बिशप पोंपालिए यांच्यासोबत पॅसिफिकला जाणाऱ्या जहाजावर चढलेल्या तीन ब्रदरांपैकी मारी-निझिए आणि मिशेल हे शाम्पान्यांच्या हाताखालचे होते. तिसरे जोसेफ लुझी हे फादरांच्याच संघातले सहायक ब्रदर, म्हणजे शिक्षक नव्हेत. त्यामुळे ‘ब्रदर’ दिसला की तो शाळामास्तरच, असं धरून चालू नये. शिक्षकांच्याही वाट्याला सुरुवातीला सुतारकाम आणि स्वयंपाक आला. शाळाच नव्हती तिथं शिकवणार कुठं? फुतुना बेटावर २८ एप्रिल १८४१ रोजी मारले गेलेले संत पीटर शानेल हे फादर होते. त्यांचे सोबती मारी-निझिए त्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या भागात असल्यामुळे वाचले. शाळांचं खरं पर्व पुढचं. ब्रदर १८७२ मध्ये सिडनीला, १८७६ मध्ये वेलिंग्टनला आणि १८८८ मध्ये फिजी व सामोआला पोचले.

जुन्या नोंदी वाचताना नावामागची अक्षरं बघावीत. ‘एस. एम.’ असेल तर फादरांचा संघ (सहायक ब्रदरही त्यातच), ‘एफ. एम. एस.’ असेल तर शिक्षक ब्रदर. ‘मारी-निझिए’सारखं धारण केलेलं नाव बहुधा ब्रदराचं, फादर आपलं जन्मनावच ठेवत. सगळ्यात फसवं म्हणजे ‘एफ-आर’ हे संक्षिप्त रूप. इंग्रजीत त्याचा अर्थ फादर, पण फ्रेंच पत्रांत ‘फ्रेर’, म्हणजे नेमका ब्रदर! सुरुवातीची मिशनची पत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये आहेत, तेव्हा आधी पत्राची भाषा पाहावी आणि मगच पदवी लावावी.