सही कोणाची? पालघरच्या आदिवासी संघटना आणि त्यांच्या भागीदाऱ्यांची पार्श्वभूमी

डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंतच्या उत्तर कोकणात गेल्या पंधरा-वीस वर्षांत आदिवासी संघटना वनविभागाशी, स्वयंसेवी संस्थांशी आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीशी करार करू लागल्या आहेत. त्यातले काही करार बांबू लागवडीचे, काही रानभाज्यांच्या नोंदींचे, तर काही वारली चित्रांच्या विक्रीचे असतात. समोरच्या पक्षाला मात्र दर वेळी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे नोंदणी क्रमांक, शिक्का आणि बँक खाते असलेला सही करणारा. पाड्याचे सामाईक व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आले असले तरी या तिन्ही गोष्टी पाड्याकडे नव्हत्या. त्यामुळे पाड्याच्या वतीने सही करणारा कोणी तरी कायद्याने किंवा शासन निर्णयाने घडवावा लागला, आणि या विषयाचा इतिहास बऱ्याच अंशी त्या घडवण्याचा इतिहास आहे.

१८७८च्या वन कायद्याने राखीव झालेली जंगले, एकसाली प्लॉट (एका वर्षाच्या मुदतीने कसायला मिळणारी वनजमीन), वेठबिगारी आणि १९४५चा वारल्यांचा उठाव वाचकांच्या परिचयाचा असल्याने तो भाग येथे सोडून दिला आहे. उठावानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, मुंबई प्रांतात सुरू झालेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ठेकेदाराला बाजूला सारून जंगलाचे कूप (तोडीसाठी आखलेले तुकडे) आदिवासी सभासदांच्या सोसायटीला तोडायला द्यावेत, ही कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती. परंतु सोसायटीच्या पाठीशी बाहेरची एक प्रायोजक संस्था असे, हिशेब आणि पत्रव्यवहार बहुधा तिच्या कार्यकर्त्यांच्या हाती राहत, आणि सभासदांच्या वाट्याला प्रामुख्याने कुऱ्हाड येई. वनतोडीवर निर्बंध आल्यावर या सोसायट्यांचे काम आटले. पुढे १६ मार्च १९९२च्या शासन निर्णयाने राज्यात संयुक्त वनव्यवस्थापन (गाव आणि वनविभाग यांनी मिळून जंगल राखण्याची पद्धत) आले, तेव्हा समितीचे अध्यक्षपद गावाकडे आणि सचिवपद वनपालाकडे गेले. तिला भागीदारी म्हटले जात होते, तरी ज्या जमिनीवर रोपवन उभे राहायचे तिच्यावर गावाचा कोणताही हक्क त्या कागदाने मान्य केलेला नव्हता.

ती स्थिती २००६च्या वनहक्क कायद्याने बदलली. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याच्या कलम ३(१)(झ) ने दिला, आणि आपल्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधक ठरणाऱ्या कृती रोखण्याचा अधिकार कलम ५ ने ग्रामसभेला दिला. पालघरमध्ये सुरुवातीची वर्षे वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांतच गेली, आणि ते स्वाभाविकही होते. कसत्या जमिनीचा कागद हातात नसलेल्या माणसाला सामूहिक व्यवस्थापनाचे महत्त्व पटवणे कठीणच होते. सामूहिक दाव्यांकडे वळल्यावर मात्र संघटनांपुढे एक प्रश्न उभा राहिला, जो आजही सुटलेला नाही: ग्रामसभा म्हणजे नेमकी कोणाची सभा?

पालघर जिल्ह्यात एका महसुली गावात आठ-दहा पाडे असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि एका ग्रामपंचायतीत कधी कधी अशी दोन-तीन गावे येतात. १९९६च्या पेसा कायद्यानुसार (अनुसूचित, म्हणजे घोषित आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) परंपरेने आपले व्यवहार चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह हे गाव ठरते. वनहक्क कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रासाठी हीच व्याख्या स्वीकारली आणि २०१२च्या नियमदुरुस्तीने ती अधिक स्पष्ट केली. त्याच दुरुस्तीने ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) दोन तृतीयांशांवरून निम्म्यावर आणली आणि हजर सभासदांत किमान एक तृतीयांश महिला असण्याची अट घातली. मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राने पेसाचे नियम केले आणि पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट खुली झाली. परंतु तो ठराव महसूल यंत्रणेच्या टेबलांवरून फिरून अधिसूचनेपर्यंत पोहोचावा लागतो, आणि तोवर सातबारा, मतदार यादी आणि निधी ही तिन्ही जुन्याच हद्दीत राहतात.

यावरून संघटनांमध्ये सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की पाड्याचीच ग्रामसभा खरी. पंचायत कार्यालयात १५ ऑगस्ट वा २६ जानेवारीला भरणाऱ्या सभेत रस्त्याकाठच्या पाड्याचा आवाज चढतो, आणि ज्या पाड्याची गुरे प्रत्यक्ष त्या जंगलात चरतात तो मागे पडतो. दुसरा तट सांगतो की एका कंपार्टमेंटमध्ये (वनविभागाने आखलेल्या जंगलाच्या गटात) पाच पाड्यांची ये-जा असते, राबासाठीचा (भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठीचा) पाला एका उतारावरून येतो आणि पाणी दुसऱ्या उतारावरून, म्हणून तुकडे पाडले तर वनविभागाला सोयीचेच होईल. जीपीएस यंत्र घेऊन हद्द फिरताना हा वाद डोळ्यांना दिसतो. एका पाड्याचे म्हातारे ओहोळाच्या वळणावरचा ऐन दाखवून आपली शीव सांगतात, तर पलीकडच्या पाड्याच्या बाया तोच ऐन आपल्या सरपणाच्या वाटेतला म्हणून सांगतात, आणि दोघांचेही खरे असते. नकाशावर मात्र रेघ एकच काढता येते. ठरावाच्या वहीत वर शाळा शिकलेल्या पोरांच्या सुबक सह्या आणि खाली निळ्या शाईचे अंगठे दिसतात. दावे तपासणाऱ्या वरिष्ठ समितीत ते अंगठे मोजूनच गणपूर्ती ठरते आणि ते कमी पडले की दावा परत येतो.

कायद्याची भाषा पहिल्या तटाच्या बाजूची आहे, याविषयी फारसा संशय उरत नाही. दुसऱ्या तटाची काळजी खोटी नाही. पण तिचे उत्तर पाड्यांच्या ग्रामसभांनी मिळून संयुक्त समिती करणे हे आहे, मोठी ग्रामसभा पाड्यांवर बसवणे हे नव्हे. भागीदार संस्थांना मात्र एकाच सहीत काम उरकणे सोयीचे पडते, आणि या वादात त्यांचे वजन मोठ्या ग्रामसभेच्या पारड्यात पडत आले, हे नोंदवलेच पाहिजे. २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेचा (आदिवासींसाठी राखलेल्या अंदाजपत्रकाचा) पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून तर हा वाद पैशाचाही झाला. २०१४च्या ग्रामवन नियमांनी (गावाकडे जंगल व्यवस्थापनासाठी सोपवण्याच्या नियमांनी) आणखी एक समांतर व्यवस्था आणली. पेसा क्षेत्राला ते नियम लागू नसले, तरी अनुसूचित क्षेत्रच नसलेल्या जवळच्या रायगडातील कातकरी व ठाकूर वाड्यांपुढे कोणता अर्ज भरावा हा पेच त्यांनी उभा केला.

जैवविविधता समित्यांचे प्रकरण थोडक्यात आटोपता येते. जैवविविधता कायदा २००२चा असला तरी लोकजैवविविधता नोंदवह्यांची (गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांविषयीच्या ज्ञानाच्या नोंदींची) घाई झाली ती हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर, आणि एवढ्या घाईत वैदू-भगतांशी (गावातल्या औषधी जाणकारांशी) निवांत बोलणे शक्यच नव्हते.

सांस्कृतिक वारशाच्या बाबतीत सहीचा प्रश्न वेगळ्या रूपात आला. वारली लग्नातला चौक (लग्नाचे भित्तिचित्र) गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी लिहीत. त्यात पालघट देवी बसल्याखेरीज आणि धवलेरीने (लग्न लावणाऱ्या स्त्रीने) गाणी म्हटल्याखेरीज लग्न लागत नसे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कागद आणि बाजार आला, तसे चित्र भिंतीवरून कागदावर आणि बव्हंशी पुरुषांच्या हाती गेले. गंजाडच्या चित्रकाराला २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (विशिष्ट भागाच्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले, ते डहाणू भागातील आदिवासी युवकांच्या एका संघटनेच्या अर्जावर. एखाद्या सरकारी मंडळाने नव्हे तर समाजाच्याच संघटनेने हा अर्ज करावा, ही लहान गोष्ट नव्हती. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, आकृतीचे नाही. ‘वारली’ हा शब्द न वापरता कोणी कपबशीवर तीच त्रिकोणी माणसे छापली तर या कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही. त्यातच नोंदणीच्या कागदात चित्रकार हा उत्पादक असतो, आणि धवलेरीला मात्र त्या रचनेत जागाच नाही. वास्तविक वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधता व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क नोंदलेला आहे. जंगलाचा दावा करणारे आणि चित्राचा अर्ज करणारे एकाच पाड्यातले असूनही त्या कलमाची चर्चा अभावानेच होते.

अलीकडच्या काळात या सगळ्यावर डहाणूच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराची छाया आहे. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ते मान्य केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मधल्या काळात मच्छीमार व आदिवासी संघटना एका मांडवात आल्या आणि किनाऱ्यावरच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. पेसाखाली भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो. पण बंदराची मुख्य जागा समुद्रात भराव घालून तयार व्हायची असल्याने ती कोणत्याच ग्रामसभेच्या हद्दीत धरली जात नाही, आणि सल्ल्याचा विषय जोडरस्ता व रेल्वेमार्गाच्या जमिनीपुरताच उरतो.