सोलरच्या पाइपात अडकलेली हवा

निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये एक तक्रार हमखास सुरू होते. सोलरची टाकी कढत आहे, पण वरच्या मजल्यावर गरम पाण्याची करंगळीएवढीही धार नाही. खालच्यांना मात्र बादल्या भरभरून. संशय सोलरवर जातो. पुष्कळदा सोलर ठणठणीत असतो. पाइपात हवा अडकलेली असते. प्लंबरच्या भाषेत एअर लॉक.

यातली काही हवा पाण्यातूनच येते. गंगापूर धरणाचं असो की बोअरचं, पाण्यात हवा विरघळलेली असतेच. 20 अंश सेल्सिअसला 1 लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, 60 अंशांना जेमतेम निम्मा. उरलेला बुडबुडे होऊन बाहेर पडतो. चहाचं आधण उकळण्याच्या बरंच आधी पातेल्याच्या बुडाला चिकटतात ते बारीक बुडबुडे याच हवेचे. शिवाय दाब कमी झाला की वायू कमी विरघळतो, हे विल्यम हेन्रीने 1803 मध्ये मांडलं होतं. आणि इमारतीच्या नळजोडणीत सर्वांत कमी दाब गच्चीवरच असतो. पण खरी मोठी भर पडते ती पाणीपुरवठा बंद राहून टाकी तळाला गेल्यावर. तेव्हा पाइपात सरळ बाहेरची हवा शिरते.

ती निघून का जात नाही? टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून चढून पुन्हा खाली उतरतो, तिथे उंचवटा तयार होतो. हवा हलकी, ती तिथेच बसते. पाणी वाहायला लागलं की ती उतरत्या पाइपात पसरते आणि तेवढ्या उंचीचा दाब खाऊन टाकते. समजा शॉवर टाकीच्या पाण्यापेक्षा 3 मीटर खाली आहे आणि वाटेत अर्ध्या अर्ध्या मीटरचे तीन उंचवटे हवेने भरलेत. निम्मा दाब तिथेच गेला. तळमजल्याला दर मजल्यामागे आणखी 3 मीटर मिळतात, म्हणून तिथे धार जोरात पडते. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यासाठी वापरतात तो प्लास्टिकचा पाइप गरम पाण्याने मऊ होऊन दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ घेतो, तोही असे उंचवटे बनवतो. माझ्या मते सोलर किती लिटरचा घ्यायचा यावर जेवढी चर्चा होते, तिच्या चौथाई तरी पाइपाच्या उतारावर व्हायला हवी.

जुन्या सपाट पॅनेलच्या सोलरमध्ये तर हवा पाणी तापणंच थांबवते. तिथे पंप नसतो. गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं, गार खाली येतं. 25 आणि 60 अंशांच्या पाण्याच्या घनतेत फरक जेमतेम दीड टक्का. म्हणजे 1 मीटर उंचीमागे ढकलणारा जोर फक्त 14 मिलिमीटर पाण्याएवढा! वरच्या पाइपात दोन-तीन सेंटिमीटरचा हवेचा फुगा बसला तरी फेरा बंद. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये नळ्या थेट टाकीत उघडतात, त्यामुळे ही अडचण येत नाही.

युरोपातल्या घरांत खोल्या उबदार ठेवायला रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतात. हवा साचली की रेडिएटर खाली गरम, वर गार राहतो. मग वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने सैल करून ती सोडतात. आपल्याकडे हे काम एअर व्हेंटचा उभा पाइप करतो. तो गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच असावा, नाहीतर पाणी त्यातूनच सांडतं. आणि त्याच्या तोंडाला बूच मारू नये, पक्षी घरटं करतात म्हणूनसुद्धा नाही, जाळी लावावी.

अडकलेली हवा काढायला आधी तळमजल्याचा गरम नळ पूर्ण सोडून पाहावा. जोराचा प्रवाह बुडबुड्यांना खाली ओढून नेतो, मंद धारेला ते जमत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या बाथरूममधल्या मिक्सरचं तोंड तळहाताने दाबून गार-गरम दोन्ही नळ मिनिटभर उघडावेत. गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा उंच असते, त्यामुळे गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं चढतं आणि हवेला व्हेंटकडे रेटतं. लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. हे सकाळी उन्हं चढायच्या आत करावं, आणि त्या वेळी व्हेंटपाशी कुणी उभं राहू नये. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर भर उन्हात गार पाणी सोडू नये. तापलेल्या कोरड्या काचेच्या नळ्या तडकतात.