तीव्र स्वादुपिंडदाह : रक्तवाहिन्या व यकृतातील विरळ गुंतागुंत

तीव्र स्वादुपिंडदाह, म्हणजे स्वादुपिंड या पाचक ग्रंथीला अचानक येणारी सूज, बहुतेक रुग्णांत आठवडाभरात ओसरतो. मात्र ज्यांच्यात ग्रंथीचा काही भाग मृत होतो किंवा तिच्याभोवती द्रव साचून राहतो, अशा काही रुग्णांत शेजारच्या रक्तवाहिन्यांना आणि क्वचित यकृतालाही इजा पोहोचते. याचे मूळ शरीररचनेत आहे. प्लीहेची नीला स्वादुपिंडाच्या पाठीला लागून जाते, प्लीहेची रोहिणी त्याच्या वरच्या कडेने नागमोडी धावते आणि ग्रंथीच्या मानेमागेच आतड्यांकडून येणारी नीला प्लीहेच्या नीलेला मिळून यकृताकडे जाणारी पोर्टल नीला तयार होते.

दाह आणि दाब यांमुळे प्लीहेच्या नीलेत गुठळी झाली, की प्लीहेतील रक्त जठराच्या नीलांमधून वाट काढते व जठराच्या वरच्या भागातील नीला फुगतात. अशा रुग्णाला रक्ताची उलटी झाली आणि त्याला मद्यपानाची सवय असली, तर दोष सहज यकृतावर टाकला जातो. प्रत्यक्षात यकृत निरोगी असू शकते. वारंवार रक्तस्राव होत असल्यास प्लीहा काढल्याने तो थांबतो. गुठळी पोर्टल नीलेपर्यंत पोहोचल्यास रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा विचार होतो. पण रक्तस्रावाचा धोकाही असल्याने हा निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो.

सर्वांत घातक गुंतागुंत म्हणजे आभासी रोहिणीविस्फार. स्वादुपिंडातील विकरे (पाचक एन्झाइम), विशेषतः इलॅस्टेज, रोहिणीची भिंत झिजवतात आणि बाहेर आलेले रक्त केवळ भोवतालच्या ऊतींच्या आधाराने अडून राहते. हे बहुधा आजार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी घडते आणि प्लीहेच्या रोहिणीत सर्वाधिक आढळते. पोटातील निचरानळीत अचानक लालसर द्रव दिसणे, काळी शौच होणे किंवा हिमोग्लोबिन एकाएकी घसरणे ही मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. रक्त आपोआप थांबले म्हणून ती कधीही दुर्लक्षू नये. तातडीने सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन) करून जांघेतून नेलेल्या कॅथेटरद्वारे धातूची वेटोळी बसवून ती रोहिणी बंद करतात. साचलेल्या द्रवाचा निचरा करण्यापूर्वीही असा विस्फार नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

विकरयुक्त द्रव उदरातील पडद्यांच्या थरांतून यकृताच्या आवरणाखाली, बहुधा डाव्या खंडात, जाऊन साचल्याची उदाहरणे विरळ आहेत. यकृतातील अमीबाजन्य गळू परिचित असलेल्या भारतात सोनोग्राफीवर हा द्रव म्हणजे तसेच गळू, अशी गल्लत होऊ शकते. सुईने काढलेल्या द्रवात अमायलेज या स्वादुपिंडातील विकराचे प्रमाण फार जास्त आढळल्यास त्याचा उगम स्वादुपिंडात असल्याचे कळते. रक्त न मिळाल्याने यकृताचा भाग मृत होणे त्याहून दुर्मिळ असते, कारण यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल नीलेकडून व उरलेले यकृत रोहिणीकडून मिळते. असे बहुधा दोन्ही प्रवाह मंदावल्यासच घडते.