दही, प्रोबायोटिक आणि मुलांचा मेंदू : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर ठेवायची आपल्याकडे रीत आहे. दहावी-बारावीचे दिवस आले की आमच्या डेअरीच्या काउंटरवर प्रश्न हमखास येतो, "तुमच्या प्रोबायोटिक दह्यानं बुद्धी तल्लख होते का हो?" प्रोबायोटिक दही म्हणजे फायदा करणारे जिवंत जिवाणू घातलेलं दही. त्यानं बुद्धी तल्लख होते असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून आमच्या डब्यावर तसं लिहिलेलंही नाही. पण पोटाचा आणि मेंदूचा काही संबंधच नाही, असं मात्र समजू नका.

पोटातून मेंदूकडे

बाळ जन्मलं की त्याच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती बसू लागते आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ती मोठ्या माणसासारखी होते. मेंदूची वाढही याच वर्षांत सगळ्यात झपाट्यानं होत असते. आतड्यातली खबर मेंदूकडे जाते ती व्हेगस नावाच्या नसेतून, रक्तातून आणि रोगप्रतिकारशक्तीमार्फत.

2004 साली जपानमधल्या क्युशू विद्यापीठात पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर वाढवले. ताण दिल्यावर ते नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त बिथरायचे. लहान वयात पोटात जिवाणू सोडले तर हा फरक कमी व्हायचा, उशिरा सोडले तर नाही. लहानपणाचं महत्त्व सांगितलं जातं ते अशा प्रयोगांवरून.

मुलांवरचा एक अभ्यास फिनलंडचा आहे. 75 बाळांपैकी 40 जणांना पहिले सहा महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा प्रोबायोटिक जिवाणू दिला, बाकीच्या 35 जणांना नुसतीच दिसायला तशी पूड. तेराव्या वर्षी पाहिलं तेव्हा पूडवाल्या गटात सहा जणांना एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) किंवा अ‍ॅस्पर्जर (स्वमग्नतेचा एक प्रकार) असं निदान झालेलं होतं, जिवाणूवाल्या गटात एकालाही नाही. वाचून कुणीही हरखेल. पण मुलं मोजकी, आणि मूळ प्रयोग इसब आणि अ‍ॅलर्जीसाठी आखलेला. एवढ्यावर छातीठोक दावा करणं आम्हाला पटत नाही.

उलटा दाखलाही आहे. आयर्लंडमध्ये एका जातीच्या जिवाणूनं उंदीर शांत झाले. तोच जिवाणू निरोगी तरुणांना दिला, तेव्हा 2017 च्या अहवालात ताणावर किंवा स्मरणशक्तीवर काहीच फरक नोंदला गेला नाही.

डब्यावर काय वाचायचं

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येनं पोटात गेल्यावर फायदा करणारे जिवंत जिवाणू. गुण नेमक्या वाणाचा असतो, म्हणून डब्यावर नाव तीन भागांत हवं : कुळ, जात आणि वाण. फिनलंडच्या अभ्यासातल्या लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या नावात 'जीजी' हा वाण. तो गाळून नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' छापलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे रोजच्या मात्रेत असे निदान 10 कोटी जिवाणू असावे लागतात. साखरही बघा. चवीच्या दह्यात आणि छोट्या बाटल्यांतल्या पेयांत ती बरीच असते.

घरी विरजलेल्या दह्यातही जिवाणू भरपूर असतात. कोणते आणि किती, हे मोजलेलं नसतं म्हणून त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत, एवढंच. खाणं म्हणून ते उत्तमच. दूध कोमट असताना, बोटाला सोसेल इतपत ऊब असताना विरजण लावा. कढत दुधात ते मरतं. कढी उकळली की त्यातलेही जिवाणू जातात. चव राहते, तिचं आम्हालाही कौतुक आहे.

डेअरीवाल्यानं सांगू नये, तरी सांगतो

मुलाच्या मेंदूची खरंच काळजी असेल तर आधी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लहान वयातली लोहाची कमतरता शिकण्यावर आणि लक्ष लागण्यावर परिणाम करते, हे पक्कं माहीत आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दुधात लोह नगण्य, शिवाय दूध दुसऱ्या अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. दिवसभर बाटलीनं दूध पिणारं आणि जेवणाला तोंड फिरवणारं मूल गुबगुबीत दिसलं तरी त्याला लोह कमी पडत असू शकतं. अशा वेळी आमचं दूध कमी करा आणि भाकरी, उसळ, पालेभाजी, वर लिंबू असं जेवण वाढवा. ज्वारी-बाजरी आणि कडधान्यांतल्या चोथ्यावर पोटातले जिवाणूही पोसले जातात. मीठ आयोडीनयुक्तच घ्या.

वयात आलेल्या मुलामुलींचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यांना प्रोबायोटिकच्या कॅप्सूलपेक्षा पुरेशी झोप जास्त उपयोगी पडेल.

कुणी जपावं

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला प्रोबायोटिकची पूड, थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा बाळांत हेच जिवाणू रक्तात शिरून जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2023 मध्ये तसा इशाराही दिला. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांवर काही वाण उपयोगी पडतात, पण वाण डॉक्टरांनीच सांगावा. मूल उशिरा बोलत असेल, नजर देत नसेल, तर दह्यावर भिस्त ठेवून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमचं दही नेल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा, दारातल्या कप्प्यात नको, आत मागे. डबा फुगलेला दिसला तर उघडू नका, परत आणा, बदलून देऊ.