पॉलीहाऊसचा टोमॅटो: डिटर्मिनेट का इनडिटर्मिनेट, उंचीवर जाऊ नका

पॉलीहाऊससाठी टोमॅटो घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो डिटर्मिनेट (ठराविक वाढीनंतर थांबणारं) का इनडिटर्मिनेट (वाढतच राहणारं), आणि बरेच जण बुटकं ते डिटर्मिनेट, उंच ते दुसरं असं धरून चालतात. पण आत ऊन कमी पडलं की बुटक्या वाणाचं झाडपण ताणून उंच होतं, आणि गफलत तिथंच होते.

उंची सोडा, शेंडा बघा. डिटर्मिनेटचा शेंडा थोडे घड आले की फुलातच संपतो, पुढं वाढ नाही. इनडिटर्मिनेटला साधारण तीन पानं मग घड, परत तीन पानं मग घड, असं झाड जिवंत आहे तोवर चालूच. डिटर्मिनेटमध्ये दोन घडांच्या मधे एकदोनच पानं असतात. (हा सगळा एका जनुकाचा खेळ आहे, तो बदल 1914 मध्ये फ्लोरिडात सापडला.)

आता उत्पन्न. डिटर्मिनेट लवकर येतं आणि बहुतेक माल काही आठवड्यांत एकदम हातात पडतो, नंतर झाड थकतं. इनडिटर्मिनेटचा पहिला तोडा उशिरा, पण हवा-तापमान सांभाळलेल्या काचघरात वेल सुतळीवर खाली सोडत सोडत दहा मीटरच्या वर नेतात आणि मोठ्या फळाच्या वाणात वर्षाला चौरस मीटरमागे 50 किलोच्या वर माल निघतो, अर्थात साध्या पॉलीहाऊसमध्ये हा आकडा डोक्यात धरू नका.

खरा घोळ होतो तो बगलफुटीत, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणाऱ्या फुटव्यांत. इनडिटर्मिनेटची बगलफूट दर आठवड्याला काढायचीच, एकच खोड ठेवायचं. हेच डिटर्मिनेटवर केलं तर संपलं, कारण त्याचं बरंचसं फळ फुटव्यांवरच लागतं, पहिल्या घडाखालचे काढले तर ठीक, वरचे राहू द्या.

चवीचं म्हणाल तर फळामागे पानं जास्त असली की साखर जास्त भरते, म्हणून इनडिटर्मिनेट बहुधा सरस. पण फळाचा आकारही मोठी गोष्ट आहे, चेरी टोमॅटोचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) सहज 7 ते 9 जातो, मोठ्या फळाचा 4-5 वरच अडकतो, वजनात मात्र चेरी मागे पडतो.

छप्पर बुटकं असेल किंवा हंगाम छोटा असेल तर मी डिटर्मिनेटच घेईन. उंच छप्पर, लांब हंगाम आणि दर आठवड्याला झाडांत फिरायला माणसं असतील तरच दुसरं, आणि बियाण्याच्या पाकिटावर नुसतं हायब्रीड लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, हायब्रीड दोन्हीत असतात.