कागदावर रेषा का नाहीत? (घडी-पॅक घेतलेल्या आईबाबांसाठी)

आठवड्यातून दोन-तीन फोन तरी हेच विचारायला येतात, की ताई, तुमच्या घडी-पॅकमधल्या, मुलांनी दुमडायच्या कागदांवर घडीच्या ठिपक्यांच्या रेषा का नाहीयेत, बाकीच्यांच्या असतात. आम्ही मुद्दाम छापत नाही. रेष दिसली की पोर रेषेवरच दुमडायला बघतं, कडा जुळल्या का इकडे लक्षच जात नाही. रेष नसली की कडेवर कड आणावीच लागते, एका हाताने ती धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने घडी दाबायची, दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं. शर्टाचं बटण लावताना हेच लागतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये किंडरगार्टन हे नाव दिलं, त्याच्या बालवाडीतही कागदाच्या घड्या होत्याच.

पण रेषा नाहीत म्हणून बरेच जण स्वतःच आधी घडी पाडतात, कागद उलगडतात आणि मग मुलाच्या हातात देतात. हे प्लीज करू नका. पडलेल्या घडीवर कागद आपोआप दुमडतो, बोटांना कामच उरत नाही. मग महिन्याभराने फोन येतो, पॅक संपला, कागदाची तीस कुत्र्याची तोंडं झाली, तरी एकट्याला साधी घडी जमत नाही. कारण ती त्याने अजून एकदाही घातलेली नसते, आणि तुमचा महिना गेलेला असतो.

कागद पाटावर किंवा टेबलावर ठेवा, मांडीवर नको. पांढरी बाजू वर. जवळची कड उचलून समोरच्या कडेवर न्यायला सांगा, म्हणजे घडी त्याच्या पोटाकडे येते. वरच्या कडा तुम्ही बोटाने धरल्या तरी चालेल, घडी मात्र त्यालाच दाबू दे, आधी मधोमध, मग तिथून दोन्हीकडे. कड कमी पडली तर पांढरी पट्टी दिसते, ती त्याची त्यालाच कळते, म्हणून तर आम्ही एका बाजूनेच रंगीत कागद घेतो. आमच्या रविवारच्या बॅचला चार वर्षांची एक मुलगी तीन रविवार फक्त कागदाची रुमालासारखी घडी घालत होती, चौथ्या रविवारी पट्टी दिसली तसा तिने स्वतःच कागद उलगडून परत जुळवला. आम्ही काहीच बोललो नव्हतो!

कार्डशीट वापरू नका, लहान बोटांनी ती दबत नाही. 15 सेंटिमीटरच्या चौकोनांचं रिफिल आमच्याकडे आहे, 100 कागदांचं, पण पहिला पॅक अजून शिल्लक असेल तर आधी तो संपवा. अडलं तर व्हॉट्सॲपवर छोटा व्हिडिओ पाठवा, चेहरा नको, फक्त हात नीट दिसू देत.