नॉलेज कॉरिडॉर (हार्टफर्ड–स्प्रिंगफील्ड)

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड आणि मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या दोन शहरांभोवतीचा, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील पट्टा. शहरांतले अंतर जेमतेम ४० किमी.; पण मधून राज्याची सीमा जाते. २००० साली ‘हार्टफर्ड–स्प्रिंगफील्ड आर्थिक भागीदारी’ सुरू झाली आणि हे नाव रुळले. जनगणनेत ही दोन वेगवेगळी, मध्यम आकाराची महानगरे दिसतात; एकत्र मोजली तर लोकसंख्या सुमारे १९ लाख होते. उद्योजकापुढे हा मोठा आकडा मांडता यावा, हा भागीदारीचा पहिला हेतू.

नाव ज्ञानाचे असले तरी पाया कारखान्यांचा आहे. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात १७९५ पासून बंदुका बनू लागल्या. एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीला बसावा, ही पद्धत तिथे आणि खोऱ्यातल्या खासगी कारखान्यांत पक्की झाली. शस्त्रागार १९६८ मध्ये बंद पडले. विम्याचा धंदा मात्र टिकला: हार्टफर्डला ॲटना (१८५३), स्प्रिंगफील्डला मासम्युच्युअल (१८५१).

पट्ट्यात तीसच्या आसपास महाविद्यालये व विद्यापीठे आहेत. हार्टफर्डला ट्रिनिटी (१८२३), तर बास्केटबॉल जिथे १८९१ मध्ये जन्मला ते स्प्रिंगफील्ड कॉलेज नदीच्या वरच्या अंगाला. सहकार्याचा खरा नमुना आणखी उत्तरेला आहे. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ यांच्या ‘फाइव्ह कॉलेजेस’ संघात एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेतला विषय जादा शुल्क न भरता घेऊ शकतो, आणि ये-जा करायला बस असते. बस नसती तर ही सवलत कागदावरच राहिली असती.

भागीदारीला कर लावण्याचा किंवा कायदा करण्याचा अधिकार नाही. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी (जिल्हा पातळीवरची) सरकारेच मोडीत काढली, त्यामुळे तिथला कारभार गावोगावी विखुरलेला आहे. प्रत्यक्ष काम दोन्हीकडच्या प्रादेशिक नियोजन मंडळांकडे येते. २०१० मध्ये त्यांनी मिळून केलेल्या प्रस्तावाला केंद्रीय गृहनिर्माण खात्याने ४२ लाख डॉलर दिले.

सर्वांत ठोस फळ रेल्वेचे. न्यू हेवन–हार्टफर्ड–स्प्रिंगफील्ड ही सुमारे १०० किमी.ची ‘हार्टफर्ड लाइन’ जून २०१८ मध्ये सुरू झाली. त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, व्हर्माँटकडची गाडी नदीकाठच्या जुन्या मार्गावर आणली गेली. पूर्वी तिला पामर गावी दिशा उलटवावी लागे, तो वळसा वाचला. नॉर्थॅम्प्टनला स्थानक मिळाले, आणि गंमत म्हणजे महाविद्यालयांचे गाव असलेल्या ॲमहर्स्टचे गेले. मार्गावर काही भागांत अजून एकेरी रूळ असल्याने समोरची गाडी उशिरा आली की फेऱ्या अडतात. दोन शहरांच्या मधोमध असलेल्या ब्रॅडली विमानतळावर रूळ पोचत नाहीत. शेवटचा टप्पा बसनेच. होल्योक येथे २०१२ पासून हार्वर्ड, एमआयटी आदी पाच विद्यापीठांनी उभारलेले सामायिक संगणक केंद्र चालते. जागा निवडताना धरणाची स्वस्त जलविद्युत महत्त्वाची ठरली.

अडते ते पैसा कोणत्या राज्याच्या तिजोरीत जातो या प्रश्नावर. मॅसॅच्युसेट्समध्ये राहून हार्टफर्डला नोकरी करणाऱ्याला दोन्ही राज्यांत प्राप्तिकराची विवरणपत्रे भरावी लागतात. कनेक्टिकटला भरलेल्या कराची वजावट घरच्या राज्यात मिळते, पण कागदपत्रे दुप्पट. सीमेलगतच्या, कनेक्टिकटमधील एन्फील्डचा विद्यार्थी ॲमहर्स्टच्या सरकारी विद्यापीठात परराज्यीय ठरतो. न्यू इंग्लंडच्या शुल्क-सवलत योजनेचा आधार त्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा त्याने घेतलेला विषय योजनेच्या यादीत असतो. म्हणजे मुख्यतः तो विषय त्याच्या राज्यातील सरकारी विद्यापीठांत शिकवला जात नसला तर. पदवीनंतर बॉस्टन आणि न्यूयॉर्क ओढून घेतात ते वेगळेच.

सीमेवरची चुरस कॅसिनोत उघड दिसली. स्प्रिंगफील्डला एमजीएमचा कॅसिनो ऑगस्ट २०१८ मध्ये उघडला. ग्राहक तिकडे वळू नयेत म्हणून कनेक्टिकटच्या दोन आदिवासी राष्ट्रांनी (मूळ रहिवाशांच्या स्वशासित जमातींनी) याच पट्ट्यातल्या ईस्ट विंडसरला कॅसिनोची योजना आखली होती. तो बांधला गेला नाही.